वॉकी-टॉकीच्या खोक्यावर न छापलेला आकडा

सोसायटीला वॉचमनसाठी चार सेट हवे असतात. ट्रेकच्या ग्रुपला सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या माणसात बोलणं हवं असतं. मोबाईलवर शोधलं की काळी जोडी समोर येते: ‘८ वॅट, १० किमी रेंज, लायसन्सची गरज नाही.’ पार्सल येतं, बटण दाबल्यावर जिन्याखालून ‘हॅलो, हॅलो’ स्वच्छ ऐकू येतं आणि खूश होऊन पाच तारे दिले जातात. फसवणूक तिथेच पुरी झालेली असते. सेट चालतो, म्हणून ती कळत नाही.

त्या एका ओळीत तीन थापा आहेत. शेवटची सगळ्यात महाग पडते, म्हणून आधी ती.

बाजारात मिळणाऱ्या छोट्या सेटांसाठी आपल्याकडे परवान्याशिवाय मोकळा असलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. कमी ताकदीच्या उपकरणांच्या २०१८च्या नियमांतून ही सूट मिळते. (२७ मेगाहर्ट्झचा सीबी पट्टाही मोकळा आहे, पण त्याला अँटेना लांब लागते, नवख्याच्या कामाचा तो नाही.) जाहिरातीतला सेट मात्र ४०० ते ४७० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही बोलू शकतो, आणि कारखान्यातून येताना त्याचे १६ चॅनेल बहुतेक वेळा ४६२च्या आसपास भरलेले असतात. त्या जागा आपल्याकडे फी भरून परवाना घेणाऱ्यांच्या. विकणारा ‘यूएचएफ आहे साहेब’ म्हणून मोकळा होतो; यूएचएफ म्हणजे ३०० ते ३००० मेगाहर्ट्झचा अख्खा पट्टा, त्यातून नेमकं काहीच कळत नाही. पुढे विचारणा झालीच, तर ती सेट ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे होते. वायरलेस सेट विनापरवाना नुसता बाळगणंही १९३३च्या कायद्यापासून गुन्ह्यात मोडत आलं आहे, हे जोडीच्या खोक्यावर कोण छापणार?

हा प्रकार इतका वाढला की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५मध्ये १३ ऑनलाइन विक्री कंपन्यांना नोटिसा काढल्या. पाठोपाठ फ्रिक्वेन्सी आणि मान्यतेचा तपशील जाहिरातीतच द्यायला लावणारी मार्गदर्शक तत्त्वंही आली. तेव्हा विक्रेत्याला दोनच गोष्टी लेखी विचाराव्यात: नेमकी फ्रिक्वेन्सी किती आणि ईटीए क्रमांक काय. ईटीए म्हणजे दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाकडची उपकरण-मान्यता. इथेही हातचलाखी चालते. प्रमाणपत्र खरं असतं, पण दुसऱ्याच मॉडेलचं, कधी तर भलत्याच ब्लूटूथ उपकरणाचं. प्रमाणपत्रावरचं मॉडेल आणि फ्रिक्वेन्सी सेटच्या लेबलशी अक्षरानं अक्षर जुळली पाहिजे.

लेबल कुठे असतं? बॅटरी सरकवून काढली की तिच्यामागे, सेटच्या पाठीवर. तिथे ‘४००–४७०’ असा आकडा दिसला तर पुढे काही बघायची गरजच नाही. लेबल कोरं असेल किंवा नुसतं ‘यूएचएफ’ असेल, तर चॅनेल वाचावे लागतात, कारण या स्वस्त जोड्यांना डिस्प्ले नसतो. वर १६ खाचांची गोल खुंटी, बस. प्रोग्रामिंग केबल लावायची, संगणकावर ‘चर्प’ हे फुकट सॉफ्टवेअर टाकायचं, आणि ‘डाउनलोड फ्रॉम रेडिओ’ दिलं की सगळे चॅनेल तक्त्यासारखे उघडतात. मोकळ्या पट्ट्यातल्या सेटचा पहिला चॅनेल ४४६.००६२५, शेवटचा ४४६.१९३७५, मधलं अंतर १२.५ किलोहर्ट्झचं. यातला एकही आकडा दिसला नाही तर निकाल लागला.

केबल हीसुद्धा फसवणुकीची जागा आहे. आतली चिप नक्कल केलेली असते, विंडोजचा नवा ड्रायव्हर ती ओळखून नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड १०’ येतो. लोकांना वाटतं सेट बिघडला. जुना ड्रायव्हर टाकला की काम होतं; नवी केबल घेत असाल तर एफटीडीआय चिपची मागा. आणखी एक साधी चूक: दोन पिनांचं टोक सेटमध्ये पुरतं बसत नाही. बाजूची रबरी झाकणी आड येते; ती नीट बाजूला करून टोक दाबून आत घालायचं.

आता १० किलोमीटर. हा आकडा हवेतून आलेला नाही, अडथळा नसलेल्या गुळगुळीत पृथ्वीवरून आलेला आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ने गुणलं की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. सेट तोंडाशी, म्हणजे दीड मीटरवर धरला तर सुमारे ५ किलोमीटर. समोरचाही तसाच उभा असेल तर दोघांचे मिळून १०. मध्ये घर नाही, झाड नाही, टेकाड नाही. असं मैदान जाहिरातवाल्याला कुठे सापडलं कोण जाणे. काँक्रीटच्या वस्तीत किलोमीटरभर मिळालं तरी नशीब. पार्किंगच्या तळघरात तर चौथ्या मजल्याशीही बोलणं तुटतं. उलट सिंहगडाच्या माथ्यावरून पुण्यातल्या मोकळ्या गच्चीवर अर्ध्या वॅटचा आवाज पोचू शकतो, आणि गडाच्या मागच्या घळीत उतरलेल्या माणसाला ५ वॅटही ऐकू जात नाहीत. दोघांच्या मध्ये डोंगर आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

म्हणूनच वॅटसाठी जास्त पैसे मोजणं हा शुद्ध तोटा. ५चे ८ वॅट केले तर वाढ होते जेमतेम २ डेसिबल. ऐकणाऱ्याच्या सिग्नल मीटरचा एक घर काटा हलायला ६ डेसिबल लागतात, म्हणजे ताकद चौपट हवी. वर ‘८ वॅट’ छापलेले बरेच सेट मीटरवर घेतले की ५च्या आसपासच भरतात. आणि ते खरोखर ८ वॅटचे असतील, तर परवानामुक्तीचा दावा त्या आकड्यानेच निकालात निघतो. मोकळ्या पट्ट्याचे सेट साधारण अर्ध्या वॅटचे असतात.

बॅटरीचा आकडा तपासायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. ७.४ व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियमचे दोन सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. चांगला १८६५० मापाचा गोल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्याची क्षमता ३५०० एमएएचच्या आगेमागे असते. पॅकवर ३८०० लिहिलंय आणि प्लास्टिकसकट अख्खा पॅक ९० ग्रॅमही भरत नाही? मग तो आकडा सेलमधला नाही, छापखान्यातला आहे. पूर्ण चार्ज झाल्यावर मल्टिमीटरवर ८.४ व्होल्ट दिसायला हवेत. रात्रभर चार्जरच्या पाळण्यात ठेवूनही ७.८वर अडकत असेल तर एक सेल मेलेला समजा.

‘१९३६ सुरक्षित चॅनेल’ ही थाप ऐकायला झकास. चॅनेल १६च. प्रत्येकाला १२१ सबकोड गुणून तो आकडा काढतात. सबकोड लावला की नको असलेल्या माणसांचा आवाज तुमच्या स्पीकरपर्यंत येत नाही, एवढंच. तुमचं बोलणं मात्र उघडंच राहतं. ज्याने आपल्या सेटचा कोड बंद ठेवलाय त्याला सगळं ऐकू जातं. वॉचमनने गेटची कुलपं कुठे ठेवली हे त्यावर सांगू नये.

ट्रेकवाल्यांना लुटणारा प्रकार वेगळा आहे: ‘५००० किमी रेंज, ऑल इंडिया’. दिसायला वॉकी-टॉकी, आत सिमकार्ड. आवाज मोबाईल टॉवरवरून, इंटरनेटच्या डेटावर जातो. डिलिव्हरीच्या गाड्यांना, बांधकामाच्या साइटवर ही वस्तू खरंच कामाची आहे. पण जिथे मोबाईलची रेंज जाते तिथे हीसुद्धा जाते, आणि ट्रेकवाला सेट घेतो तो नेमका त्याच जागेसाठी. त्यातून हे सेट बहुधा विकणाऱ्याच्याच सर्व्हरला बांधलेले असतात. पहिल्या वर्षाची वर्गणी किमतीत धरलेली, दुसऱ्या वर्षी मागतील ती भरा, नाहीतर सेट मुका. घेण्याआधी वर्गणीचा दर आणि दुसऱ्या कंपनीचं ॲप चालतं का, हे बिलावर लिहून घ्या.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने प्रेमाने आणलेली जोडीही जपून. तिकडे दुकानात सर्रास मिळणारे सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तिथे ते कायदेशीर, इथे नाहीत.

मोठे ड्युअल बँड, म्हणजे दोन पट्ट्यांचे, सेट हॅमसाठी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठी, असतात. परीक्षा देऊन परवाना आणि कॉलसाइन (हवेवरची ओळख) मिळाल्यावर १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झवर ते रीतसर वापरता येतात. परीक्षेला वयाची १२ वर्षं पुरी लागतात, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सही लागत नाही. ‘हॅमचा सेट घ्या, मग कुठेही चालतो’ म्हणणारा दुकानदार दोन गोष्टी गाळतो: परवाना माणसाला मिळतो, सेटला नाही, आणि हॅमवर धंद्याचं बोलणं चालत नाही, म्हणजे वॉचमनची ड्युटीही नाही.

पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि बॅटरीमागचं लेबल त्याच व्हिडिओत घ्या. पट्टा चुकीचा निघाला तर परतीच्या मुदतीतच ‘जाहिरातीत परवाना नको म्हटलं, लेबलवर ४००–४७० आहे’ एवढं एक वाक्य लेखी टाका. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. सेट परत जाईपर्यंत क्लिपचे स्क्रू आवळू नका, अँटेनाला हात लावू नका. परत आलेला सेट ‘वापरलेला’ म्हणून नाकारताना आधी अँटेनाच्या पितळी आट्यांवरचे ओरखडे दाखवतात. आणि अँटेना काढलेली असताना कुणी गमतीने बटण दाबलं, तर आतला आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतो; मग तक्रार खरी असली तरी सेट परत घ्यायला कोणी तयार होत नाही.