स्कॉटलंडची डोंगरधार, ऑक्टोबर महिना आणि सोबत कोणी नाही: एम-विसचं हवामानपत्रक कितपत कामाचं?

स्कॉटलंडच्या डोंगरात एकट्याने धार चालायची, तीही ऑक्टोबरात, तर बूट आणि जॅकेटच्या आधी एक गोष्ट हाताशी हवी: माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचं हवामानपत्रक. तिथले डोंगरवाले त्याला नुसतं ‘एम-विस’ म्हणतात. स्पोर्टस्कॉटलंड या सरकारी क्रीडासंस्थेच्या मदतीवर चालणारी ही सेवा पूर्ण फुकट आहे. स्कॉटलंडचे पाच विभाग केलेले आहेत आणि प्रत्येकासाठी रोज पुढच्या तीन दिवसांचा अंदाज येतो. पीडीएफ उतरवून घेता येते, आणि ती घ्यावीच, कारण दऱ्यांमध्ये शिरलं की फोनची रेंज जाते.

फोनमधलं नेहमीचं ॲप गावाचं हवामान सांगतं. फोर्ट विल्यम हे गाव समुद्राकाठी आहे. ॲपवर १२ अंश आणि बेताचा वारा दिसत असतो, तेव्हा हजार मीटरवर पाच अंश असतात आणि वारा माणसाला सरळ चालू देत नाही. एम-विसचा अंदाज मुळातच माथ्यासाठी लिहिलेला असतो. तापमान ९०० मीटरवरचं, वारा मन्रोंवरचा. मन्रो म्हणजे ३,००० फुटांहून, म्हणजे ९१४ मीटरहून उंच असलेला स्कॉटिश डोंगर. यादीत असे २८२ आहेत. कळसूबाई १,६४६ मीटर, मग या हजार मीटरच्या डोंगरांचं काय एवढं, असं सह्याद्रीत फिरलेल्याला वाटू शकतं. पण इथे चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, वर एक झाड नाही, आणि आपण ५७ अंश उत्तरेला असतो.

पत्रक कसं वापरायचं हे एका खऱ्या वाटेवर धरून पाहिलं तरच कळतं. फोर्ट विल्यमजवळच्या ग्लेन नेविस या दरीतली ‘रिंग ऑफ स्टॉल’ घेऊ. मॅमोर्स डोंगररांगेतली ही नालाकृती वाट अंदाजे १६ किलोमीटर लांब आहे आणि चढ दीड हजार मीटरच्या वर जातो. दरीच्या टोकाच्या वाहनतळावरून घळीतल्या वाटेने स्टॉलच्या कुरणात यायचं, तीन तारांच्या पुलावरून नदी ओलांडायची (पायाखाली एक तार, हातांना दोन) आणि धबधब्याखालचा ओढा पार करून अन गेरनाख (९८२ मीटर) चढायचा. तिथून अन गारवनाखची अरुंद कातळधार, मग स्टोब कोरा खार्न (९८१), मग अम बोदाख (१,०३२), म्हणजे गेलिक या तिथल्या जुन्या भाषेत ‘म्हातारा’. त्यानंतर स्गोर अन यूअर (१,००१), डेव्हिल्स रिज ही दुसरी अरुंद धार आणि शेवटी स्गूर अ वाइम (१,०९९). या शेवटच्या माथ्यावरचा दगड पांढरा क्वार्ट्झाइट आहे. लांबून बर्फ पडल्यासारखं दिसतं. धडधाकट माणसाला थांबे धरून आठ ते दहा तास लागतात.

आता पत्रक उघडा. पहिल्या ओळी वाऱ्याच्या असतात: ‘हाऊ विंडी ऑन द मन्रोज’. आकडे ताशी मैलांमध्ये असतात. दीडपटीपेक्षा थोडं जास्त केलं की किलोमीटर येतात. पण खरी किंमत त्याखालच्या ओळीत आहे, ‘इफेक्ट ऑफ विंड ऑन यू’. वारा किती हे सगळेच सांगतात. त्या वाऱ्यात तुमचं काय होईल हे इथे शब्दांत लिहिलेलं असतं. चालणं कष्टाचं होईल, तोल जाईल, काही ठिकाणी पुढे सरकणंच कठीण होईल, अशा भाषेत. यात ‘बफेटिंग’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ एकसारखा जोर लावणारा वारा असा नाही. झोत येतो, तुम्ही त्यावर रेलता, तो एकदम सुटतो आणि तुम्ही रेललेल्या बाजूला फेकले जाता. रुंद पठारावर हे दमवतं. हातभर रुंदीच्या धारेवर हेच जीवघेणं आहे. हा शब्द दिसला की अरुंद धार त्या दिवसापुरती यादीतून काढायची.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. २० मैलांचा वारा ४० झाला की ढकलण्याची ताकद चौपट होते. म्हणून २५ आणि ३५ मधला फरक कागदावर दहाचा असला तरी अंगावर जवळपास दुप्पट पडतो. शिवाय पत्रकातला आकडा सर्वसाधारण वाऱ्याचा असतो. झोत त्याहून जोरात येतात, आणि दोन माथ्यांमधल्या खिंडीत वारा आवळला जाऊन आणखी वाढतो.

दिशेकडे बहुतेक नवखे बघतच नाहीत, आणि इथेच पत्रकाचा सर्वात मोठा उपयोग वाया जातो. नकाशावर आपली धार कुठल्या दिशेने जाते ते बघा. रिंग ऑफ स्टॉलच्या दोन्ही अरुंद जागा, अन गारवनाख आणि डेव्हिल्स रिज, उत्तर-दक्षिण धावतात. स्कॉटलंडच्या या किनाऱ्यावर नेहमीचा वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे नेमका आडवा. तेच वारं दक्षिणेचं असेल तर डेव्हिल्स रिजवर उत्तरेकडे जाताना पाठीवर येतं आणि काम पुष्कळ सोपं होतं. आकडा तोच, दिवस वेगळा.

समजा पत्रक सांगतंय की वारा पश्चिमेचा, सकाळी २० मैल, दुपारनंतर ३५. ही वाट घड्याळाच्या दिशेने केली, म्हणजे अन गेरनाखपासून, तर डेव्हिल्स रिज दुपारी दोन-तीनला येते. सर्वात अरुंद जागा आणि सर्वात जोरदार वारा एकाच वेळी. उलट बाजूने निघालात तर डेव्हिल्स रिज सकाळीच उरकते, पण अन गारवनाख दुपारी येतो आणि धबधब्याखालचा ओढा दिवसाच्या शेवटी, संधिप्रकाशात. अशा दिवशी पूर्ण फेरीचा हट्ट सोडावा. अन गेरनाखच्या नागमोडी वाटेने माथा गाठून, अन गारवनाखला हात न लावता आल्या वाटेने परत. तोही पोटभर दिवस होतो.

एकट्यासाठी आकडे घरीच ठरवून ठेवावेत. या वाटेसाठी आमचं मत असं: आडवा वारा २५ मैलांपर्यंत असेल तर पूर्ण फेरी, ३० च्या आसपास फक्त अन गेरनाख, ३५ असेल तर धार नाहीच. चौघांच्या गटात एक जण तरी ‘आता बस’ म्हणतो. एकट्याच्या बाबतीत ते काम आदल्या संध्याकाळी लिहिलेला आकडाच करतो.

पावसाची ओळ, ‘हाऊ वेट’, फक्त उद्याची वाचू नका, आदल्या दिवसाचीही काढून बघा. नदीवर तारांचा पूल आहे, पण स्टॉल धबधब्याखालच्या ओढ्यावर पूल नाही, दगडांवरून जायचं असतं. रात्रभर पाऊस झाला असेल तर ते दगड पाण्याखाली जातात आणि दिवस सुरू होण्याआधीच अडतो. आणि पावसाळी ट्रेकची सवय असलेल्यांसाठी: आपल्याकडे जुलैत चिंब भिजून सहा तास चालता येतं, कारण हवा विशीच्या पुढे असते. इथे ३ अंश आणि ३५ मैलांचा वारा म्हणजे उघड्या त्वचेला उणे ४ सारखं. ओला सुती टी-शर्ट अंगातली ऊब शोषून घेतो, आधी बोटं वळेनाशी होतात, मग विचार मंदावतो. सुती काही नको. आतून लोकर किंवा सिंथेटिक, वरून पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट, हातमोज्यांच्या दोन जोड्या. पहिली जोडी कातळ धरताना भिजतेच.

‘चान्स ऑफ क्लाउड फ्री मन्रोज’ ही ओळ सर्वांची लाडकी आणि सर्वात जास्त चुकीची वाचली जाणारी. ६० टक्के म्हणजे दिवसाचे साठ टक्के तास ऊन असा अर्थ लावला जातो. ती माथे ढगाबाहेर असण्याची शक्यता आहे, आणि तीही पूर्ण विभागासाठी. शेजारच्या मजकुरात ढग किती मीटरवर बसतील, कुठल्या बाजूला आधी फाटतील हे लिहिलेलं असतं. निर्णय त्यावर घ्यावा. ढग ९०० वर बसणार असतील तर या वाटेचा वरचा भाग जवळजवळ सगळा ढगात. चूक होण्याची जागा स्गोर अन यूअरचा माथा: डेव्हिल्स रिज उत्तरेला सुटते आणि दुसरी सोंड पश्चिमेला स्टोब बान या शेजारच्या डोंगराकडे उतरते. तिथे होकायंत्र लावूनच पाऊल टाकावं. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ३९२ किंवा हार्वेचा न भिजणारा. वाऱ्यात उघडायला हार्वेचा बरा.

पण शरद ऋतूत याच ओळीत कधी ९० टक्के दिसतात, वारा नगण्य असतो आणि दरीत धुकं राहील असं लिहिलेलं असतं. उच्च दाबाच्या शांत रात्रीनंतर थंड हवा दरीत साचते, ढग खाली आणि माथे वर. खालून बघणाऱ्याला आभाळ भरलेलं वाटतं आणि तो अंथरुणात राहतो. पत्रक वाचलेला माणूस त्या दिवशी अंधारातच निघतो. तांबूस गवत, पांढरा क्वार्ट्झाइट, खाली ढगांचा समुद्र आणि डोंगराच्या कुशीतल्या वाटीसारख्या दरीतून येणारं माजावरच्या नर हरणांचं डरकाळीसारखं ओरडणं. यासाठीच ऑक्टोबर.

‘फ्रीझिंग लेव्हल’ची, म्हणजे हवा शून्य अंशाला येते त्या उंचीची, ओळ लहान असते, पण ती १,१०० मीटरच्या आसपास दिसली की सावध. या महिन्यात बर्फाचा थर क्वचित साठतो, मात्र ओल्या कातळावर रात्री काचेसारखा पातळ गोठलेला पापुद्रा चढतो. क्वार्ट्झाइट ओला असतानाच घसरडा. पापुद्र्यासह त्यावर बूट टिकत नाही. ९०० मीटरच्या तापमानातून आणखी दोनशे मीटरसाठी एक ते दोन अंश वजा करायचे, हे विसरू नये.

उणिवाही आहेत. एक विभाग बराच मोठा असतो, त्यामुळे किनाऱ्यालगतचा डोंगर आणि आतला डोंगर एकाच पत्रकात बसतात. तासागणिक आकडे नसतात. त्यासाठी मेट ऑफिसचं, म्हणजे ब्रिटनच्या हवामानखात्याचं, डोंगरी पान बघावं, तिथे माथ्यांप्रमाणे तक्ता असतो. वारा नक्की किती वाजता वाढतो हे तिथून आणि त्या वाढीचा अर्थ एम-विसमधून, अशी जोडी चांगली जमते. दोन्हींत मोठा फरक दिसला तर अंदाजच डळमळीत आहे असं धरून वाईट बाजूने चालावं. एम-विसची भाषा दाट आहे, पहिल्या दोन-चार वेळा शब्दकोश लागेल. तिसऱ्या दिवसाच्या अंदाजावर फक्त बेत आखावा, पाऊल टाकू नये. पत्रक रोज दुपारनंतर नवं होतं, तेव्हा सकाळी वाचलेलं संध्याकाळी पुन्हा वाचणं भागच.

पत्रक जे सांगत नाही ते म्हणजे उजेड. ऑक्टोबरच्या मध्याला इथे सूर्य ७.५० च्या सुमारास उगवतो आणि ६.२० ला मावळतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मग पावणेपाचलाच सूर्यास्त. दहा तासांची वाट त्यात बसत नाही. हेडटॉर्च एक डोक्यावर, एक पिशवीत.

सुटकेच्या वाटाही घरूनच नकाशावर रंगवून न्याव्यात. वारा अंदाजापेक्षा आधी वाढला तर अम बोदाखच्या अलीकडच्या खिंडीतून दक्षिणेला किनलॉखलेव्हनकडे उतरता येतं. गाडी दुसऱ्या दरीत राहते, पण जीव शाबूत. स्गोर अन यूअरपर्यंत आलात आणि डेव्हिल्स रिज नको वाटली तर पश्चिमेच्या खिंडीकडून कोर अ वुस्गनमधली जुनी शिकारवाट थेट ग्लेन नेविसच्या रस्त्याला आणते. ही सर्वात चांगली पळवाट. मधल्या कोर अ वाइलमध्ये मात्र उतरू नये. वरून ती दरी मऊ, गवताळ आणि घराकडे जाणारी दिसते, पण तिचं तोंड स्टॉल धबधब्याच्या कड्यावर उघडतं. ढगात दमलेल्या एकट्या माणसाला तीच वाट सर्वात जास्त मोह घालते. स्गूर अ वाइमवरूनची उतराईही सोपी नाही: क्वार्ट्झाइटचा घसारा, हजार मीटरहून अधिक उतार, आणि खाली वरच्या वाहनतळापर्यंत अडीच-तीन किलोमीटर डांबरी रस्ता. काठ्या तिथे उपयोगी पडतात, अन गारवनाखवर पिशवीला बांधून ठेवाव्यात.

निघण्याआधी जिथे उतरला आहात तिथल्या मालकाकडे कागद ठेवा: वाटेची दिशा, दोन्ही पळवाटा, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९९९ हा तिथला आपत्कालीन क्रमांक लावून पोलिसांकडे माउंटन रेस्क्यू मागायचं ती वेळ. मेसेजने मदत मागायची सोय हवी असेल तर ‘रजिस्टर’ असा मेसेज ९९९ ला आधीच पाठवून नोंद करावी लागते, डोंगरावर पोचल्यावर नाही. शिट्टीचा इशारा मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. त्याच कागदाच्या मागे त्या दिवसाचं पत्रक छापलेलं असलं की शोधणाऱ्यांना वारा कुठून होता आणि तुम्ही कुठल्या बाजूने उतरला असाल हेही कळतं.