एकाच सकाळचा प्रश्न: मिसळ की कटवडा?

अंबाबाईचं दर्शन उरकलंय, भूक लागलीय आणि कोल्हापुरात ही एकच सकाळ हाताशी आहे. अशा वेळी मिसळ खावी की कटवडा, हे मला पाहुणे नेहमी विचारतात. पोहे, उप्पीट, शिरा इथंही चांगले मिळतात, पण ते तुमच्या घरीही होतात. निवडायचं ते या दोघांतूनच.

दोन्हींचा जीव एकच, कट, म्हणजे तिखट तर्रीदार रस्सा. तोच कांदा-लसूण मसाला, ज्याला आम्ही नुसतं 'चटणी' म्हणतो. तेच भाजलेलं सुकं खोबरं, तेच तीळ, वर लालभडक तवंग. तो तवंग शोभेचा नाही. मिरचीचा जाळ तेलात उतरतो, पाण्यात नाही. शिवाय वर तेलाचं झाकण असलं की खालचा रस्सा बराच वेळ कढत राहतो. म्हणूनच तोंड पोळलं तर पाण्यानं भागत नाही, दही मागावं. कटच फसला असेल तर दोन्ही वाया. तो जमला असेल तर प्रश्न उरतो, तो कशावर घ्यायचा एवढाच.

मिसळीची बाजू भक्कम आहे. मोडाची मटकी पोटाला धरून राहते. उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा माणूस सकाळी मिसळ खाऊन गेला की दुपारच्या डब्यापर्यंत त्याला बघावं लागत नाही. पहिल्यांदाच येणाऱ्याला मीही मिसळच खायला नेतो. कोल्हापूर म्हटलं की माणूस तीच मनात धरून आलेला असतो.

पण माझी मिसळ दर वेळी एकाच जागी बिघडते. पहिले चार-पाच घास काय सांगावेत! शेव-चिवडा कुरकुरीत, कांदा करकरीत, लिंबू नुकतं पिळलेलं. मग बघता बघता कट आटतो, कारण तो शेव पिऊन टाकते. "मामा, कट आणा" म्हणायचं. मामा "आलो आलो" म्हणत पलीकडच्या टेबलाकडे जातात. रविवारी साडेनऊची वेळ, आपल्या खुर्चीची पाठ धरून पुढचं कुटुंब नंबर लावून उभं. कट येईतो शेवेचा लगदा झालेला, मटकी निवलेली आणि ब्रेड संपलेला. मग कट आला म्हणून ब्रेड मागवा, ब्रेड उरला म्हणून परत कट. एकदा सांगलीचे दाजी सोबत होते. त्यांनी तीनदा कट मागितला, तो आला तेव्हा ते हात धुऊन बसले होते. मला फार वाईट वाटलं. आग्रहानं मीच नेलं होतं. त्या दिवसापासून मी कटवड्याकडे वळलो.

कटवड्यात ही धावाधाव नाही. खोलगट ताटलीत दोन वडे, वरून कट, मूठभर कांदा-कोथिंबीर. चमच्यानं वडा फोडला की आतल्या बटाट्याची वाफ येते. बेसनाचं आवरण कट ओढतं, पण सावकाश. वडा बाहेरून भिजत जातो आणि आतला बटाटा आपली लसूण-मिरचीची चव राखून असतो. मऊ पडला तरी बिघडत नाही. मऊ पडलेली शेव मात्र कुणाला आवडत असेल असं मला वाटत नाही. माझ्या अनुभवात शेवटचा घास पहिल्याच्या तोडीचा लागतो आणि कट दुसऱ्यांदा क्वचितच मागावा लागतो. अर्थात ही माझ्या जिभेची गोष्ट झाली. तुम्ही भरभर जेवणारे असाल तर शेव मऊ पडायच्या आत मिसळ संपवाल, आणि मग माझी तक्रार तुम्हाला लागू नाही. सकाळी सकाळी बटाटा जड पडत असेल तरीही मिसळच बरी.

कटवड्याची एक अट मात्र कडक आहे. वडा ताज्या घाण्यातलाच हवा. परातीत तासभर पडून राहिलेला वडा कटात टाकला की बेसनाला तेलकट वास येतो आणि कितीही गरम कट ओतला तरी आतला बटाटा गारच राहतो. म्हणून मी दारातच थांबून आधी कढईकडे बघतो. घाणा पडत असेल तर आत शिरून कटवडा सांगतो. कढई शांत असेल आणि परात भरलेली दिसली, तर मिसळ सांगतो आणि कट पहिल्यांदाच जादा मागून ठेवतो.