मिशन पीक की माउंट उमुनुम?

कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियात नवीन आलेल्या मराठी माणसाला कोणीतरी हमखास मिशन पीक या डोंगरावर नेतं. फ्रीमाँटच्या स्टॅनफर्ड अ‍ॅव्हेन्यूकडून माथा जेमतेम तीन मैल, पण चढ सुमारे 2,000 फुटांचा आणि वाटेत सावली जवळपास नाहीच. उन्हाळ्यात नऊनंतर निघालात तर पार भाजून निघाल. शिवाय वीकेंडला पार्किंगची मारामारी आणि 2,517 फुटांवरच्या माथ्याच्या प्रसिद्ध खांबाशी फोटोसाठी रांग. घाम काढायला मात्र याला तोड नाही.

सिएरा अझूल या राखीव निसर्गक्षेत्रातला माउंट उमुनुम 3,486 फूट, म्हणजे बराच उंच, तरी पायाला सोपा. बाल्ड माउंटनच्या पार्किंगपासून 3.7 मैल, चढ साधारण 1,150 फूट. लाल, गुळगुळीत खोडांच्या मँझनीटा झुडपांतून वळणं घेत वाट जाते. वर शीतयुद्धातल्या रडार तळाचा खिडक्या नसलेला काँक्रीटचा ठोकळा उभा आहे. हवाई दलाने तळ 1980 मध्ये बंद केला, लोकांसाठी माथा खुला झाला थेट 2017 मध्ये. गाडीही वरपर्यंत जाते. पुण्याहून आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना वर सोडायचं आणि आपण खालून चालत यायचं.

माझं मत उमुनुमला. पावसानंतर डोंगर हिरवे झाले की तेवढं मिशन पीक.