जड गोळीसाठी .300 पीआरसी : एल्कच्या एका हंगामानंतर

कोलोरॅडोत एल्कच्या (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण) शिकारीसाठी 200 ग्रेनच्या (सुमारे 13 ग्रॅम) वरची गोळी वापरायची, हे माझं आधीपासून पक्कं होतं. प्रश्न काडतुसाचा होता. मित्राची .300 विनचेस्टर मॅग्नम (विन मॅग) काडतुसाची रायफल मी बरीच वापरली आहे. यंदा उन्हाळ्यात स्वतःसाठी .300 पीआरसी काडतुसाची रायफल घेतली, रेंजवर भरपूर चालवली आणि हंगामात तीच खांद्याला होती.

दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, 0.308 इंच. फरक जागेचा आहे. विन मॅग 1963 सालची. तिच्या काडतुसाची मान (गोळीला धरून ठेवणारा केसचा, म्हणजे पितळी नळकांड्याचा, वरचा अरुंद भाग) आखूड, जेमतेम 0.264 इंच, आणि एकूण लांबी 3.34 इंच. आजची लांब, निमुळती जड गोळी त्यात बसवली की तिचा मागचा भाग मानेखाली उतरतो आणि बंदुकीच्या दारूची जागा खातो. पीआरसी हॉर्नाडी या अमेरिकन काडतूस कंपनीने 2018-19 मध्ये आणली ती अशा गोळ्या डोळ्यांसमोर ठेवूनच. एकूण लांबी 3.7 इंच. दोन्ही काडतुसं टेबलावर शेजारी उभी करून बघा, पीआरसीची गोळी केसच्या बाहेर केवढी डोकावते ते लगेच दिसतं.

नळीतल्या पिळाचंही तेच. विन मॅगच्या बहुतेक रायफलींत गोळी 10 इंचांत एक फेरा घेते, माझ्या पीआरसीत 8.5 इंचांत. लांब गोळी हवेत स्थिर राहायची तर ती जास्त वेगाने फिरायला हवी. निव्वळ तांब्याची गोळी वापरणाऱ्यांनी तर पीळ बघूनच रायफल घ्यावी, कारण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी आणखी लांब होते. कॅलिफोर्नियात जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही.

मी 212 ग्रेनची ईएलडी-एक्स ही हॉर्नाडीची शिकारीची गोळी वापरतो. पेटीवर वेग 2,860 फूट प्रति सेकंद लिहिलाय, माझ्या 24 इंची नळीतून त्याच्या जवळपास मिळतो. विन मॅगमध्ये 200 ग्रेनची गोळी साधारण याच वेगाने जाते, त्यामुळे नुसत्या वेगासाठी रायफल बदलू नका. खरा फायदा वाऱ्यात आहे. दुपारी दरीतून आडवा वारा सुटला की 500 यार्डांवर हलकी गोळी जेवढी सरकते, त्यापेक्षा ही बरीच कमी सरकते.

शिकारीत अंतर 300 यार्डांच्या आतच होतं. नर एल्क आडवा उभा होता. गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली, तो थोडा चालला आणि झाडांच्या कडेला कोसळला. पुढच्या खांद्याचं मांस जवळजवळ सगळं चांगलं निघालं, याचं मला फार समाधान आहे. अर्थात एवढ्या अंतरावर विन मॅगनेही हेच केलं असतं, आणि ते मान्य करायलाच हवं.

दणका जोरदार आहे. मझल ब्रेकमुळे (नळीच्या तोंडाला लावलेला, धक्का कमी करणारा भाग) खांदा वाचतो, पण आवाज कानठळ्या बसवणारा, शेजारी उभ्या माणसाला तर जास्तच. शिकारीतही कानाला संरक्षण लावाच. नळी लवकर तापते, रेंजवर तीन-चार बार झाले की मी थांबतो.

अडचण पुरवठ्याची. डोंगरातल्या छोट्या गावात विन मॅगची पेटी हमखास मिळते, पीआरसीची मिळेलच असं नाही. त्यामुळे सगळा साठा मी घरूनच नेला.

180 ग्रेनपर्यंतच थांबणार असाल तर विन मॅगच घ्या. काडतुसं सगळीकडे मिळतात, रायफलींचे पर्यायही जास्त. 200 च्या पुढेच जायचं असेल तर पीआरसी. दुकानात मात्र मॅगझिनची आतली लांबी मोजून घ्या. घरी काडतुसं भरणारे गोळी 3.7 इंचांपेक्षाही बाहेर बसवतात, आणि मॅगझिन तेवढ्यालाच तेवढं असेल तर ती मुभा राहत नाही.