माविक जीईएल 280 रिमवर बांधलेलं ट्रॅकचं चाक, वापरून बघितल्यावरचं मत

जुन्या हलक्या ट्युबलर रिमवर (जिच्यावर टायर गोंदाने चिकटवतात) ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकलसाठी चाक बांधायचं मनात असेल तर माविकची जीईएल 280 जरूर घ्या. फक्त तिच्या कडा ब्रेकने घासलेल्या नसाव्यात, आणि तारा आजच्या रिमसारख्या ताणायच्या नाहीत, एवढं पाळलंत की ही रिम सोनं आहे.

नावातला 280 म्हणजे ग्रॅम. आजची साधी क्लिंचर रिम, म्हणजे टायर कडेत अडकवायची, बहुतेक 400 च्या पुढेच जाते, कारण टायरची कड धरून ठेवायला तिला दोन्ही बाजूंनी भिंती लागतात. ट्युबलर टायर थेट गोंदाने रिमवर चिकटवायचा, त्यामुळे भिंती नकोतच, वरून नुसती खोलगट पट्टी, म्हणून इतकं कमी वजन जमतं. 80 च्या दशकात टाइम ट्रायलवाले, म्हणजे एकट्याने घड्याळाशी शर्यत लावणारे, आणि ट्रॅकवाले अशा रिम लावायचे ते याचसाठी.

मी लंडनमध्ये राहतो, इथे जुन्या मालाच्या बाजारात या अजून सापडतात, पण घेताना दोन गोष्टी नीट बघा. एक म्हणजे कडेवरून बोट फिरवा, आत खड्डा लागला तर ती रस्त्यावर वापरून पातळ झालीय, सोडून द्या. दुसरं, प्रत्येक भोकाच्या आयलेटभोवती, म्हणजे तिथल्या धातूच्या कडीभोवती, टॉर्च मारून बघा, केसाएवढी जरी चीर दिसली तरी नको. मग सपाट ओट्यावर ठेवून बघा, सगळीकडून टेकली पाहिजे. मुळात वाकडी असलेली रिम तारा ओढून सरळ होते खरी, पण मग अर्ध्या तारा घट्ट आणि अर्ध्या ढिल्या राहतात आणि ते चाक टिकत नाही.

आता इतकी नाजूक रिम ट्रॅकवर चालते कशी? एक तर ट्रॅकच्या सायकलला ब्रेकच नसतो, म्हणजे कडा झिजायचा प्रश्न संपला. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे हब, चाकाचा मधला तुंबा. रोडच्या मागच्या चाकात उजवीकडे कॅसेट, म्हणजे गिअरच्या चक्रांचा गठ्ठा, बसवायला जागा करावी लागते, मग उजव्या तारा कडक आणि डाव्या ढिल्या, आणि हलकी रिम नेमकी त्या उजव्या भोकांपाशी फाटते. ट्रॅकचा मागचा हब 120 मिलिमीटरचा, त्यावर एकच चक्र, दोन्ही फ्लॅन्ज, म्हणजे तारा अडकवायच्या चकत्या, मधापासून सारख्या अंतरावर, त्यामुळे सगळ्या तारांवर सारखा ताण देता येतो. मी मागे शिमानोच्या ड्युरा-एसचा 7600 हब आणि 36 भोकांची रिम घेतली, पुढे 32 ची. मागे 2.0/1.8 च्या तारा (टोकाला 2.0 आणि मधे 1.8 मिलिमीटर जाड), पुढे 2.0/1.5 च्या, दोन्हीकडे तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक तार इतर तीन तारांना छेदून जाते, निप्पल (तार रिमला आवळायची नट) पितळी. आट्यांना जवसाचं तेल लावलं, घट्ट करताना निप्पल सरकत फिरतं आणि नंतर वाळून धरूनही ठेवतं.

खरी कसोटी ताणाची आहे. आजच्या रिमला लोक 110-120 किलोपर्यंत नेतात, हिला मी 80 च्या आसपास थांबवलं. जास्त झालंय हे चाक स्वतःच सांगतं, दोन-दोन तारा मुठीत धरून जोरात दाबल्या की रिम एकदम लाटेसारखी आउट होते, तसं झालं की सगळीकडे अर्धा फेरा ढिलं करायचं आणि मग निवांत आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. पातळ तारा किल्लीबरोबर पिळतात, म्हणून प्रत्येकीवर मार्करची रेघ मारा, रेघ फिरली तर पाव फेरा पुढे नेऊन तेवढाच मागे या. आणि नखाने वाजवून बघा, एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर एक लागला की हात आपोआप थांबतो, ताण मोजायचा मीटर त्यानंतर लावा. टायरमध्ये हवा भरली की रिम आवळली जाते आणि ताण थोडा उतरतो, तेव्हा घाबरून परत ओढत बसू नका.

चालवायला कशी? लंडनमधल्या हर्न हिलच्या ट्रॅकवर तर अफाट मजा आली. 1891 चा उघडा ट्रॅक, 1948 च्या ऑलिंपिकच्या ट्रॅक शर्यती इथेच झाल्या, एक फेरी साधारण 450 मीटर, उतार सौम्य. उभ्यावरून सुटताना चाक लगेच पायाखाली येतं, कुणी अचानक जोर काढला तरी मागे चिकटून राहता येतं. लंडनमधल्याच ली व्हॅलीच्या 250 मीटरच्या लाकडी ट्रॅकवर 42 अंशांची भिंत आहे, तिथे वळणावर अंग खाली दाबलं जातं आणि उभं राहून स्प्रिंट मारली की मागचं चाक किंचित लवचीक वाटतं. माझ्या 66 किलोला ते चाललं, पण 85 च्या पुढच्या स्प्रिंटरने मागे ही रिम लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नुसता परस्यूटचा (समोरासमोरच्या बाजूंनी सुटून ठरावीक अंतर कापायच्या शर्यतीचा) वेळ कमी करायचा असेल तर कार्बनची खोल रिमच घ्या, ताशी 45 किलोमीटरच्या वेगाला वारा वजनापेक्षा जास्त छळतो.

गोंदाच्या बाबतीत मात्र घाई नको. जुना गोंद पूर्ण काढा, रिमवर आणि टायरवर पातळ थर द्या, थर वाळू द्या, शेवटचा थर देऊन टायर चढवल्यावर पूर्ण दिवस हवा भरून ठेवा, मगच ट्रॅकवर उतरा. 28 भोकांची मिळाली तर ती फक्त पुढे लावा, आणि 36 ची दिसली तर लगेच घ्या, ती सहज सापडत नाही.