नवी आवृत्ती आली की जुन्या पुस्तकांचं काय? पहिला खेळ निवडण्याआधी

रोलप्लेइंग गेमचं, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवत खेळायच्या खेळाचं, नियमपुस्तक विकणाऱ्यापुढे एक जुनीच अडचण आहे. गेम मास्टरकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे, एक प्रत असली की पाच-सहा जणांचं भागतं, आणि ते पुस्तक दहा वर्षांनीही तितकंच चालतं. मग प्रकाशक जोडपुस्तकं काढतो. पात्रांचे नवे वर्ग, नवे मंत्र, नवे राक्षस. पण ती सगळ्यांना लागत नाहीत आणि हळूहळू घेणारे कमी होत जातात. शेवटी मूळ पुस्तकच नव्याने विकावं लागतं. नवी आवृत्ती जन्माला येते ती इथे. मला त्यात लबाडी दिसत नाही, लेखक-चित्रकारांचं पोट त्यावरच चालतं. मात्र पहिलं पुस्तक घेताना मी नियमांच्या आधी एवढंच बघतो, की पुढची आवृत्ती आल्यावर हे पुस्तक कामाचं राहील का.

या एका कसोटीवर डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पाथफाइंडर आणि कॉल ऑफ कथुलु हे तीन खेळ फार वेगळे उतरतात.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ पासून चालू आहे आणि खेळाडू मिळायला सगळ्यात सोपा. हा फायदा कमी लेखू नका, कारण गट जमला नाही तर उत्तम नियमही कपाटात पडून राहतात. पण आवृत्त्यांचा इतिहास बघा. तिसरी २००० साली आली, तीनच वर्षांनी तिची सुधारित ‘साडेतीन’ आली, आणि २००८ च्या चौथीने खेळ इतका बदलला की आधीची पुस्तकं तिच्यासोबत वापरणं जवळपास अशक्य झालं. २०१४ ची पाचवी मात्र टिकली. २०२४ ला तिचीच सुधारित पुस्तकं येऊ लागली आणि जुन्या पाचवीतल्या साहसकथा त्यांच्यासोबत चालवता येतात.

पूर्ण संच तीन पुस्तकांचा आहे, पण खेळाडूला एकच पुरतं. बाकीची दोन गेम मास्टरची. खरी मेख डिजिटल प्रतीत आहे. पाचवीच्या या मूळ पुस्तकांची अधिकृत पीडीएफ विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही प्रकाशक कंपनी विकत नाही. डिजिटल प्रत घ्यायची तर ती डीअँडडी बियाँड या कंपनीच्याच संकेतस्थळावरच्या खात्यात राहते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पात्रांच्या नोंदींतले जुने मंत्र नव्या मजकुराने बदलण्याचं ठरलं होतं. खेळाडूंनी आवाज उठवला आणि काही दिवसांत तो बेत मागे घेतला गेला. तरी आपल्या पात्राचे नियम दुसऱ्याच्या हातात असल्याची जाणीव तेव्हा अनेकांना पहिल्यांदा झाली. म्हणून हा खेळ घेणार असाल तर छापील प्रत घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

पाथफाइंडर तर आवृत्ती बदलण्यातूनच उभा राहिला. २००० साली तिसऱ्या आवृत्तीसोबत आलेल्या खुल्या परवान्यामुळे तिचे नियम इतरांना वापरता येत होते. चौथी आवृत्ती ज्यांना रुचली नाही त्यांच्यासाठी पायझो या दुसऱ्या प्रकाशकाने २००९ मध्ये ‘साडेतीन’च्याच पायावर पाथफाइंडर छापला. पुढे २०२३ च्या जानेवारीत विझर्ड्सने तोच परवाना बदलण्याचा प्रयत्न केला, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि कंपनीने पाचवीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही वापरता येणाऱ्या परवान्याखाली मोकळे केले. पायझोने मात्र वेगळी वाट धरली. पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीची पुस्तकं नव्याने लिहून काढायची, जुन्या परवान्यावर अवलंबून असलेला मजकूर गाळायचा. ही ‘रीमास्टर’ पुस्तकं २०२३ च्या नोव्हेंबरपासून आली. काही राक्षसांची आणि मंत्रांची नावं बदलली, काही नियमही, पण मूळ गणित तेच राहिलं.

इथे नियम आर्काइव्हज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर पायझोच्या संमतीने फुकट वाचता येतात. मग पुस्तक का घ्यायचं? चित्रांसाठी, सलग वाचनासाठी, आणि साहसकथांसाठी, कारण त्या फुकट नाहीत. मला हा व्यवहार तिघांत सगळ्यात सरळ वाटतो. अट एवढीच, की गटाला बारीक नियमांची आवड हवी. थकलेल्या संध्याकाळी प्रत्येक पाळीतल्या तीन कृतींचा हिशेब कंटाळवाणा होऊ शकतो.

कॉल ऑफ कथुलुबद्दल थोडक्यात सांगता येतं, आणि तीच त्याची थोरवी. १९८१ चा खेळ, २०१४ पासून सातवी आवृत्ती. सातवीतला मोठा बदल म्हणजे जुने गुण पाचाने गुणून टक्क्यांत मांडले, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीची कथा आजही थोड्या आकडेमोडीत चालते. ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ ही १९८४ ची मोहीम, म्हणजे अनेक बैठका चालणारी लांब कथा, २०१८ मध्ये सातवीसाठी पुन्हा निघाली. खेळ चालवायला कीपरचं, म्हणजे इथल्या गेम मास्टरचं, एक पुस्तक बस होतं, पीडीएफही मिळते, आणि सुरुवातीचे संक्षिप्त नियम फुकट आहेत. नवी आवृत्ती आली म्हणून कपाट रिकामं करायची वेळ इथे येत नाही. मात्र लढून जिंकायची हौस असेल तर हा खेळ नको. इथे पात्रं वेडी होतात, मरतात.

अनोळखी लोकांसोबत लगेच बसायचं असेल तर पहिला घ्या. ठरलेला गट असेल आणि डावपेचांची चटक असेल तर दुसरा, तोही आधी फुकटचे नियम वापरून चार बैठका खेळून मगच. आणि पुस्तकावर एकदाच खर्च करायचा असेल, भीतीच्या गोष्टी आवडत असतील, तर मी बिनदिक्कत तिसऱ्याकडे बोट दाखवेन. तिन्ही बाबतींत जोडपुस्तक मात्र पहिल्या दिवशी घेऊ नका. त्यातलं काय लागतं ते गटच दोन-तीन महिन्यांत सांगतो.