कॅनडातला हिवाळा: विंटर टायर की ऑल-वेदर?

गाडीबरोबर आलेल्या ऑल-सीझन टायरांचा विचार आधी सोडून द्या. नाव बारमाही असलं तरी पारा साधारण ७ अंशांखाली गेला की त्यांचं रबर कडक होतं आणि पकड सुटू लागते. खरी निवड विंटर आणि ऑल-वेदर (म्हणजे हिवाळ्यातही चालणारे, वर्षभर न बदलता ठेवता येणारे टायर) यांच्यात आहे. दोन्हींवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असतं, म्हणून क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या हिवाळी टायरांच्या सक्तीच्या काळात दोन्ही चालतात.

विंटर टायरचं रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं आणि त्यावरच्या असंख्य बारीक चिरा बर्फाला धरतात. निसरड्या चौकात गाडी लवकर थांबते, ती यामुळेच. पण उन्हाळ्यात ते भराभर झिजतात. वर्षातून दोनदा बदला, दुसरा सेट ठेवायला जागा शोधा. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना हे खरंच जड जातं. ऑन्टारियोत विमा कंपन्या विंटर टायरसाठी हप्त्यात सवलत देतात, ती मात्र जरूर मागा.

ऑल-वेदरला ही यातायात नाही. व्हँकुव्हर शहरातल्या सौम्य हिवाळ्यात तेवढं पुरतं. मॉन्ट्रियल, विनिपेग किंवा कॅल्गरीत, मागच्या सीटवर मुलं असताना, मी विंटरच घेईन. आणि चारही चाकांना! नुसते पुढे दोन बसवले तर ब्रेक मारताना गाडीचा मागचा भाग घसरतो. फोर-व्हील ड्राइव्हवरही विसंबू नका. ती गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही.